जुना बेंच व्हाइस: पारख आणि दुरुस्ती

बेंच व्हाइस म्हणजे कामाचा तुकडा हलू न देता धरून ठेवणारा यांत्रिक जबडा. टेबलाला बोल्टने आवळलेला एक स्थिर जबडा, त्याच्यासमोर पुढेमागे सरकणारा दुसरा चल जबडा, दोघांना जोडणारा स्क्रू, तो ज्यात फिरतो तो नट आणि फिरवायला दांडा, एवढाच त्याचा संसार. कानस, करवत, छिन्नी किंवा टॅप चालवताना दोन्ही हात मोकळे राहतात, ते याच्यामुळे. आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षण आजही व्हाइससमोर उभे राहून कानस धरण्यापासूनच सुरू होते.

त्याची ताकद हिशेबाने सहज कळते. स्क्रूला इंचात 4 आटे असतील, तर एका फेऱ्यात जबडा 6.35 मिलिमीटर सरकतो. दांडा मध्यापासून 150 मिलिमीटरवर धरला, तर त्याच फेऱ्यात हात सुमारे 942 मिलिमीटर फिरतो. म्हणजे कागदावर जोर 148 पट होतो. प्रत्यक्षात त्याचा तीन-चतुर्थांश भाग आट्यांच्या आणि कॉलरच्या घर्षणात जातो. तरीही हाताने लावलेल्या 20 किलोच्या जोराचे जबड्यात साताठशे किलो होतात. वाया गेलेले हे घर्षण उपयोगीच पडते, कारण हात काढला तरी स्क्रू उलटा फिरत नाही आणि पकड टिकते.

बेंच व्हाइसच्या आधी लोहारांचा पायाचा व्हाइस होता. तो घडीव लोखंडाचा असे आणि त्याचा एक पाय जमिनीपर्यंत जाई. तापलेल्या लोखंडावर घण पडला की धक्का त्या पायातून जमिनीत उतरे. एकोणिसाव्या शतकात यंत्रांचे कारखाने वाढले आणि घणापेक्षा कानशीचे काम जास्त होऊ लागले. तेव्हा बिडाचा ओतीव, टेबलावर बसणारा व्हाइस पुढे आला. बीड दाब उत्तम सोसते, पण ताण आणि आघात त्याला मानवत नाहीत. जुन्या व्हाइसची बहुतेक दुखणी यातूनच येतात.

संग्राहकांचा ओढा मुख्यतः अमेरिकी आणि ब्रिटिश बनावटीकडे असतो. कनेक्टिकटमधील मेरिडन येथे चार्ल्स पार्करने 1832 मध्ये कॉफी दळण्याच्या गिरण्यांपासून उद्योग सुरू केला, पुढे पार्कर व्हाइस नावाजले. मॅसॅच्युसेट्समधील अ‍ॅथॉल मशीन कंपनीचे व्हाइसही संग्रहात आवर्जून आढळतात. मोजमापाच्या हत्यारांसाठी प्रसिद्ध असलेल्या स्टॅरेटने ही कंपनी 1905 मध्ये घेतली. पेनसिल्व्हेनियातील ईरी शहराचा रीड, क्लीव्हलँडचा कोलंबियन आणि न्यूयॉर्कचा प्रेंटिस ही नावेही संग्राहकांच्या ओळखीची. त्याच पेनसिल्व्हेनियातील वेन्सबरो गावच्या एमर्ट व्हाइसचे पेटंट 1891 चे. ओतकामाचे लाकडी साचे कोरणाऱ्या कारागिरांसाठी तो बनवला गेला. त्याचे जबडे उभे, आडवे, तिरके असे हवे तसे वळवता येतात, म्हणून त्याला वेगळाच मान आहे.

इंग्लंडमध्ये यॉर्कशरमधील शिपलीच्या पार्किन्सनने झटपट सुटणारा व्हाइस लोकप्रिय केला. त्यात खटका दाबला की अर्धा नट आट्यांपासून बाजूला होतो आणि जबडा थेट ओढता येतो. शेफील्डच्या सी. अँड जे. हॅम्पटन कंपनीने ‘रेकॉर्ड’ नावाने निळ्या रंगाचे व्हाइस काढले, ते ब्रिटिश साम्राज्यभर पोहोचले.

अमेरिकेत सर्वांत जास्त मागणी विल्टनच्या ‘बुलेट’ व्हाइसला आहे. चेकोस्लोव्हाकियातून आलेल्या ह्यू फोगल यांनी 1941 मध्ये शिकागोत ही कंपनी काढली. नाव मिळाले तिथल्या विल्टन अ‍ॅव्हेन्यू या रस्त्यावरून. या व्हाइसचा मागचा भाग बंदुकीच्या गोळीसारखा गोल आणि बंद असतो. त्यामुळे धातूचा कीस स्क्रूपर्यंत पोहोचत नाही आणि वंगण टिकते.

व्हाइसचे वय काढताना घाई उपयोगाची नाही. अंगावर ओतलेली पेटंटची तारीख म्हणजे निर्मितीची तारीख नव्हे. नग त्याआधीचा नाही, एवढेच तिच्यावरून कळते, कारण एकच साचा पुढे अनेक वर्षे चालत असे. विल्टनमध्ये चल जबड्याच्या सरकत्या भागावर खालून महिना आणि वर्ष ठोकलेले असते. सुरुवातीच्या नगांवरची ही तारीख पाच वर्षांची हमी संपण्याची असल्याने त्यातून पाच वर्षे वजा करावी लागतात. शिवाय ‘शिकागो’ असे ओतलेला नग ‘शिलर पार्क’ हे कंपनीचे नंतरचे ठिकाण लिहिलेल्या नगापेक्षा जुना असतो.

विकत घेताना आधी बीड पाहावे. दांड्यात पाइप घालून जोर लावणे आणि जबड्यावर घणाचे घाव घालणे या दोन सवयींनी व्हाइस तडकतो. तडे बहुधा चल जबड्याच्या मानेशी, नटाच्या घराभोवती आणि बुडाच्या बोल्टच्या कानांजवळ सापडतात. ताज्या रंगाखाली ते लपतात, म्हणून रंगवलेल्या नगापेक्षा गंजलेला नग पारखायला सोपा जातो. मग जबडे मिटून दोन्ही कडा समोरासमोर येतात का ते पाहावे, चल जबडा वर-खाली किती डुगडुगतो ते हाताने हलवून पाहावे. आट्यांची झीज दांडा मागेपुढे फिरवल्यावर लागणाऱ्या मोकळ्या फिरकीवरून कळते.

दुरुस्ती भाग सुटे करण्यापासून सुरू होते. जाम स्क्रूवर झिरपणारे तेल सोडून दोन-चार दिवस थांबणे हा सर्वांत स्वस्त उपाय. त्यानेही सुटले नाही, तर नटाच्या घराला बाहेरून बेताचा शेक देतात. जबड्यांच्या पट्ट्या पाणी दिलेल्या पोलादाच्या असतात. त्या कधी स्क्रूने, तर कधी निमुळत्या पिनांनी बसवलेल्या असतात. कशाने बसवल्या आहेत हे न पाहता ठोकाठोक केली की बिडाचा तुकडा उडतो.

गंज काढण्यासाठी विजेची पद्धत विशेष उपयोगी आहे. प्लास्टिकच्या पिंपात धुण्याचा सोडा घातलेले पाणी घेतात, व्हाइसचा भाग 12 व्होल्ट चार्जरच्या ऋण टोकाला आणि एखादा साधा लोखंडी पत्रा धन टोकाला जोडतात. गंज सुटतो आणि खालचे चांगले लोखंड खाल्ले जात नाही. पण पथ्ये कडक आहेत. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम संयुगे पाण्यात उतरतात. सोड्याऐवजी मीठ घालू नये, क्लोरीन वायू निघतो. पिंप उघड्यावर ठेवावे, कारण प्रक्रियेत हायड्रोजन सुटतो. व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्लानेही गंज निघतो, मात्र आम्ल चांगले लोखंडही खाते, त्यामुळे भाग त्यात विसरून चालत नाही. जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासून धूळ उडवण्यापेक्षा रसायनाने मऊ करून ओला खरवडावा.

तडकलेले बीड जोडणे हे जाणकाराचे काम. ब्रेझिंगने, म्हणजे पितळी सळईने झाळताना मूळ बीड वितळत नाही, म्हणून पुन्हा तडा जाण्याचा धोका कमी राहतो. निकेलच्या रॉडने वेल्डिंगही होते. दोन्हींत भाग आधी तापवणे आणि नंतर राखेत किंवा वाळूत सावकाश निवू देणे महत्त्वाचे. झिजलेला स्क्रू आणि नट लेथवर नवे करता येतात, जबड्यांच्या पट्ट्याही नव्या बसवता येतात.

संग्राहकांत मतभेद होतात ते रंगावर. वाळूचा मारा करून चकचकीत रंग देणाऱ्यांच्या हातून ओतीव अक्षरांच्या कडा आणि मूळ रंगाचे अवशेष नाहीसे होतात. दुसरा पक्ष गंज काढून तेलाचा हात फिरवतो आणि वापराच्या खुणा तशाच राहू देतो. दुर्मीळ नगाला दुसरा मार्ग योग्य, रोजच्या वापरातल्या नगाला चांगला एनॅमल रंग पुरे. स्क्रूला ग्रीस आणि सरकणाऱ्या भागांना तेल मात्र दोन्हीकडे लागतेच.

महाराष्ट्रात जुने व्हाइस पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार आणि औद्योगिक वसाहतींभोवतीच्या भंगाराच्या दुकानांत शोधावेत. तिथे ते अनेकदा बिडाच्या वजनावर विकले जातात, नाव पाहून नव्हे. दुरुस्तीची सोयही जवळ आहे. लेथवाला टर्नर शहरोशहरी मिळतो आणि कोल्हापूरसारख्या ठिकाणी बिडाच्या ओतकामाची जुनी परंपरा आहे.

घेणाऱ्याने एकच नियम पाळावा: बीड अखंड असेल तर व्हाइस घ्यावा. गंज, रंग, स्क्रू, नट, पट्ट्या आणि दांडा हे सगळे पुढे बदलता किंवा सुधारता येते. तडकलेल्या नगाची दुरुस्ती मात्र अनेकदा त्याच्या किमतीपेक्षा महाग पडते.