साडेसहा ग्रॅम लिथियम, सात मिनिटांचा ग्राइंडर

कॉर्डलेस ड्रिलला किंवा ग्राइंडरला लावायची १८ व्होल्ट, ५ एएचची (म्हणजे ॲम्पिअर-तासांची) बॅटरी हातात घेतली तर वजन जेमतेम सहा-सातशे ग्रॅम भरतं. १८ गुणिले ५ म्हणजे ९० वॉट-तास, अर्थात ३ लाख २४ हजार जूल. यातला एक जूलही वाया न घालवता ५० किलोची सिमेंटची गोणी वर उचलत नेली, तर ती ६६० मीटरवर पोचेल. कुतुबमिनारवर कुतुबमिनार असे नऊ रचले तरी एवढी उंची पुरती भरत नाही. आणि ही बॅटरी एका युनिट विजेत दहाएक वेळा चार्ज होते. पेट्रोलच्या हिशोबात मांडायचं, तर तेवढी ऊर्जा अवघ्या १० मिलिलिटर पेट्रोलच्या उष्णतेत असते.

आत साधारणपणे दहा सेल असतात. प्रत्येक सेल १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, ४५ ग्रॅमच्या आसपास. ३.६ व्होल्टचे पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट होतात. अशा दोन ओळी शेजारी-शेजारी असल्या की ५ एएच. सेलच्या पोटात अर्ध्या मीटरहून लांब पट्ट्या गुंडाळलेल्या असतात आणि त्यातलं तांब्याचं पान मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं पातळ असतं. बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत दहाही सेलमध्ये मिळून या पट्टीवरून त्या पट्टीवर सरकणारं लिथियम किती? साडेसहा ग्रॅम! तेवढ्यात बॅटरीतून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मात्र ११वर २२ शून्यं इतके. पृथ्वीवरच्या आठ अब्ज माणसांनी सेकंदाला एक या वेगाने, रात्रंदिवस ते मोजायचे ठरवले, तर चार लाखांहून जास्त वर्षं लागतील. ८०० वॉट ओढणारा ग्राइंडर ते सात मिनिटांत संपवतो.

या सात मिनिटांत तारेतून ४४ ॲम्पिअरच्या आसपास प्रवाह वाहतो. घरातल्या गीझरचा प्लग १६ ॲम्पिअरचा असतो, हे लक्षात घ्या. बॅटरी निवडताना खरी मेख इथे आहे. एएचचा आकडा वाचून लोक फक्त ‘किती वेळ चालेल’ एवढं बघतात. मी तर म्हणेन, जड कामाला आधी ‘किती जोर मिळेल’ ते बघावं.

हिशोब सोपा आहे. सेलचा अंतर्गत रोध २० मिलिओहम धरू. २ एएचच्या बॅटरीत पाचच सेल, एकाच ओळीत. ४० ॲम्पिअर ओढले की प्रत्येक सेलमधून पूर्ण ४० ॲम्पिअर जाणार, आणि एकेक सेल आतल्या आत ३२ वॉटने तापणार. सोल्डरिंगची छोटी इस्त्री २५ वॉटची असते! शिवाय १८ व्होल्टमधले ४ व्होल्ट बॅटरीतच खर्ची पडतात. मोटरला उरतात १४. आता दहा सेलची बॅटरी लावा. प्रवाह दोन ओळींत वाटला गेला की उष्णता सेलमागे निम्म्यावर नव्हे, चौथ्या हिश्शावर येते, ८ वॉटवर. मोटरला १६ व्होल्ट मिळतात. म्हणून ग्राइंडर, सर्क्युलर सॉ, मोठा रोटरी हॅमर यांना पाच सेलची बॅटरी लावूच नये. ती लवकर संपते, गरम होऊन बंद पडते, आणि सेलचं आयुष्यही घटवते.

पण छतावर जिप्सम बोर्ड मारणाऱ्याला मोठी बॅटरी देणं म्हणजे त्याच्या खांद्याला शिक्षा. ज्यादा पाच सेल म्हणजे २२५ ग्रॅम. दिवसात हजार वेळा हात वर गेला, तर सव्वादोनशे किलो, साडेचार गोण्या सिमेंट, फुकट उचललं गेलं. स्क्रू मारायला ताकद लागतेच किती? लाकडात एका मध्यम स्क्रूला, मोटरचा तोटा धरून, ६०० जूल धरले तरी २ एएचमध्ये दोनशेवर स्क्रू बसतात. तेवढ्यात दुसरी बॅटरी चार्ज होते.

आखातात किंवा परराज्यात विमानाने कामाला जाणाऱ्या कारागिरासाठी आणखी एक आकडा: १०० वॉट-तास. याच्या आतली सुटी बॅटरी हातातल्या बॅगेतून नेता येते. ५ एएच म्हणजे ९०, चालते. ६ एएच म्हणजे १०८, तिला विमान कंपनीची परवानगी लागते. १२ एएच म्हणजे २१६, ती प्रवाशाला नेताच येत नाही.

आणि बाजारात ४८, ८८, १२८ असे आकडे ठळक छापलेल्या स्वस्त बॅटऱ्यांपासून सांभाळा. खऱ्या ८८ व्होल्टला २४ सेल एका ओळीत लागतात. नुसत्या सेलचं वजनच किलोभर होईल. ‘२० व्होल्ट’ म्हणून विकली जाते ती बॅटरीसुद्धा तेच पाच सेल, फक्त पूर्ण चार्ज असतानाचा आकडा लिहिलेला. दुकानात वजनकाटा असतोच. आजच्या उत्तम सेलमध्ये किलोला २५० वॉट-तासांच्या आसपास ऊर्जा मावते, म्हणजे ९० वॉट-तासांसाठी साडेतीनशे ग्रॅमवर नुसते सेलच हवेत. १८ व्होल्ट, ५ एएच लिहिलेली बॅटरी काट्यावर चारशे ग्रॅमही भरत नसेल, तर पैसे देऊ नका.