स्वमग्न बालक, घर आणि दुकान

पेडणे तालुक्यातील कोरगावासारख्या गावी एखादे तीन वर्षांचे मूल हाक मारली असता वळून पाहत नसेल, एकच डबी तासन्‌तास फिरवीत बसत असेल, पाहुण्यांच्या गलक्याने कान झाकून घेत असेल, तर घरची वडील मंडळी प्रथम म्हणतात, “बोलेल उशिरा, त्याचा आजाही उशिराच बोलला होता.” या शब्दांत मायाच असते. परंतु त्या मायेच्या पोटी दोन-तीन वर्षे निघून जातात, आणि शिकण्यास अधिक अनुकूल अशी वर्षे नेमकी तीच होत.

या अवस्थेस ऑटिझम किंवा स्वमग्नता म्हणतात. अमेरिकेतील बालमनोचिकित्सक लिओ कॅनर यांनी 1943 साली अशा अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. पुढे कित्येक वर्षे या अवस्थेचा दोष आईच्या कोरड्या स्वभावावर लादला गेला. स्वतः अशा मुलाचे पिता असलेले बर्नार्ड रिमलँड यांनी 1964 च्या आपल्या ग्रंथात तो आरोप खोडून काढला. आमच्याकडील सुनांना हा बोल अद्यापि ऐकावा लागतो, म्हणून ही जुनी गोष्ट मुद्दाम सांगितली. मेंदूच्या घडणीतीलच हे वेगळेपण आहे. त्यात आईचा काडीमात्र अपराध नाही.

वर्तनोपचार म्हणजे काय, हे व्यापारी वाचकांस त्यांच्याच चोपडीवरून सांगता येईल. एका पानावर तीन रकाने पाडावेत: आधी काय घडले, मुलाने काय केले आणि त्यानंतर त्यास काय मिळाले. समजा, दुकानात बिस्किटांचा पुडा दिसताच मूल जमिनीवर लोळण घेऊन किंचाळते व चारचौघांत लाज वाटून आई पुडा त्याच्या हाती देते. असे दहा वेळा घडले की, किंचाळणे हाच त्या मुलाचा ‘बिस्कीट’ या अर्थाचा शब्द होऊन बसतो. मूल हट्टी नाही. अनुभवाचा हिशेब त्याने बिनचूक मांडलेला आहे! उपचारक त्यास दुसरा, सोपा शब्द देतो. बोट दाखविणे किंवा बिस्किटाचे चित्र हाती देणे, एवढे केले की वस्तू तत्काळ मिळते. पायरी लहान, फळ लगोलग आणि सराव पुष्कळ, असा हा मार्ग आहे.

या मार्गाचा इतिहास मात्र सर्वस्वी निर्मळ नाही. कॅलिफोर्नियातील ओ. ईव्हार लोवास यांनी 1987 साली एकोणीस लहान मुलांचा वृत्तांत दिला. आठवड्यास चाळीस तासांच्या शिकवणीनंतर त्यांतील नऊ मुले सामान्य शाळेत इतरांप्रमाणे शिकू लागली, असा त्यांचा निष्कर्ष होता. पण त्यांच्या पद्धतीत दरडावणे व चापट मारणे यांनाही स्थान होते. अहिंसेस परम धर्म मानणाऱ्या समाजास ते कधीच रुचणार नाही, आणि आजच्या जाणत्या उपचारकांनीही ते टाकून दिले आहे. मोठेपणी स्वतःची बाजू मांडू लागलेल्या स्वमग्न व्यक्तींचे आणखी एक गाऱ्हाणे आहे. ज्याने कोणाचे काही बिघडत नाही असे हात फडफडविणे बंद करण्यापायी त्यांचे बालपण खर्ची पडले, असे त्या म्हणतात. हे गाऱ्हाणे आम्हांस न्याय्य वाटते.

आठवड्यास चाळीस तास! शापोरा नदी ओलांडून म्हापसा व तेथून पर्वरी गाठावयाची, तीही दुकान वा शेत सोडून. कोरगावच्या माणसाने हे गणित जुळवावे कसे? याचे एक उत्तर गोव्यातच तपासले गेले आहे. 1996 साली गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने पाकिस्तानातील रावळपिंडी येथील सहकाऱ्यांसमवेत दोन ते नऊ वर्षांच्या पासष्ट मुलांवर केलेला एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शिकविणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते होते. आणि शिकवणी मुलास नव्हे, आईबापांस होती. पंधरवड्यास एक तास, सहा महिन्यांत अवघे बारा तास. मुलाबरोबर खेळतानाचे चलच्चित्र आईस दाखवावयाचे व मूल काही सांगू पाहत होते तो क्षण तिच्या ध्यानी आणून द्यावयाचा. ही पद्धत रूढ वर्तनोपचाराहून निराळी आहे, हे खरे. परंतु आईबाप मुलास अधिक समजून प्रतिसाद देऊ लागले व मूल आपण होऊन संवाद साधू लागले, असे आढळले. सर्वच सुधारले असे नाही. दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर राहण्याचा काळ उलट घटला. तरीही कोरगावला परवडेल असा हिशेब हाच दिसतो.

आपला समाज पांजरपोळ, धर्मशाळा व दवाखाने यांस सढळ हाताने देणगी देत आला आहे. येथे मात्र संगमरवरी पाटीची इमारत नको. एका कार्यकर्तीचे वेतन व चार कुटुंबांचे येण्याजाण्याचे भाडे, एवढे वर्षभर चालविले तरी पुष्कळ. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे आणि राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. त्याचे अर्ज भरून देण्यास आपल्या पेढीवरील एखादा मुनीमही पुरेसा आहे.

मूल पंधरा वर्षांचे झाले की शिकवणीचा विषय पालटतो. पैसे मोजणे, रांगेत थांबणे, परक्याने अंगास हात लावल्यास ‘नको’ म्हणणे ही विद्या मग लागते, आणि तिच्यातील निम्मी दुकानातच शिकता येते. दुपारी गिऱ्हाईक विरळ असताना अशा मुलास चित्रांची यादी घेऊन येऊ द्यावे. मीठ, साबण, काड्यांची पेटी यांपैकी काय हवे ते त्यालाच विचारावे. उत्तर येण्यास कदाचित अर्धा मिनिट लागेल, तोवर आईकडे वळून “काय पाहिजे याला?” असे तेवढे विचारू नये.