एक गुरुजी आणि चार इयत्ता

आज तुमच्याशी थोडे शाळेविषयी बोलायचे आहे. कोल्हापूर शहरातल्या मोठ्या शाळेविषयी नव्हे. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, गगनबावडा, चंदगड या बाजूला डोंगराच्या अंगाने ज्या वाड्या-वस्त्या आहेत, तिथल्या दोन खोल्यांच्या शाळेविषयी. तुमच्यापैकी कित्येकजण अशाच शाळेत शिकले असतील, आणि कित्येक गुरुजी आणि बाई आजही अशाच शाळेत शिकवीत असतील. त्यांना मी नवे काय सांगणार? पण गावच्या माणसाला मात्र त्या दाराच्या आत दिवसभर काय चालते याचा फारसा पत्ता नसतो. प्रार्थना ऐकू येते, पोरांचा गलका ऐकू येतो, दुपारी खिचडीचा वास येतो. "पगार बक्कळ, काम काय हाय?" असे चावडीवर सहज बोलले जाते. तेव्हा आधी थोडा हिशेबच मांडू.

पहिली ते चौथी अशी शाळा धरा. शिकवण्याचे तास दिवसाला पाच, म्हणजे ३०० मिनिटे. चार इयत्ता, प्रत्येकीचे ढोबळ मानाने चार विषय. झाले सोळा पाठ. शिक्षक एकच असेल आणि त्याने प्रत्येक इयत्तेला प्रत्येक विषय वेगळा शिकवायचा म्हटले, तर एका पाठाला येतात अठरा-एकोणीस मिनिटे. त्यातच हजेरी, त्यातच वह्या तपासणे, त्यातच पहिलीतल्या एखाद्याचे रडणे. आणि एका इयत्तेला ही मिनिटे देताना बाकीच्या तीन इयत्तांनी काय करायचे? हा प्रश्न रोज सकाळी त्या शिक्षकापुढे उभा असतो. शहरातल्या शिक्षकालाही अडचणी असतात. पण त्याच्यापुढे एका वेळी एकच इयत्ता बसलेली असते.

तुम्ही म्हणाल, शाळेवर शिक्षक दोन असतात की. बरोबर आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक द्यायचे असतात. पण दोघांपैकी एकाला आज केंद्रावर बैठक, उद्या तालुक्याला कागद पोचवायचा, निवडणूक आली की महिना-महिना तिकडचे काम. शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला जुंपू नये असे हाच कायदा सांगतो, पण जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक ही तीन कामे त्याने वगळली आहेत. ती देशाची कामे आहेत, टाळता येणार नाहीत, हे कबूल. पण मागे राहिलेल्या शिक्षकाकडे त्या दिवशी चार इयत्ता, दुपारच्या आहाराची नोंद, तांदळाचा हिशेब आणि मोबाइलवर भरायची ऑनलाइन माहिती, एवढे सगळे येऊन पडते. डोंगरात रेंज मिळेना म्हणून फोन घेऊन टेकाडावर चढणारे गुरुजी पुष्कळांनी पाहिले असतील. हसण्यासारखे आहे खरे, पण तेवढा वेळ वर्ग उघडा पडतो.

आपल्या जिल्ह्याला या गोष्टीचा इतिहास आहे, म्हणून थोडे मागे जाऊ. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचे ठरविले आणि १९१८ पासून त्याप्रमाणे शाळा सुरू झाल्या. मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. त्या काळचा रुपया म्हणजे काही थोडकी रक्कम नव्हे. पुढे १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांबरोबर एकाच शाळेत घेण्याचा हुकूम निघाला. ही गोष्ट आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. पण मला राहून राहून वाटते ते त्या वेळच्या गावच्या मास्तरांविषयी. हुकूम कोल्हापुरात निघाला. मुलांना एका रांगेत बसवायचे, एका फळ्यापुढे उभे करायचे, हे काम मात्र आडगावच्या त्या एकट्या माणसाला करायचे होते. गावात तो बाहेरचा, भाड्याच्या खोलीत राहणारा, गावकऱ्यांचा रोष पत्करणे त्याला परवडणारे नव्हे. राज्याचा कायदा चार भिंतींच्या आत खरा होतो की नाही, ते त्याच्या हातात होते. आजही तसेच आहे.

या आडगावच्या शाळेचा विचार मनापासून करणारा माणूसही आपल्याच जिल्ह्यातला. जे. पी. नाईक, आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे, जन्म १९०७ चा. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत ते होते, आणि १९६४ ते १९६६ या काळात देशाच्या शिक्षणाचा आराखडा करणाऱ्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. दिल्लीत एवढ्या मोठ्या कामावर बसलेल्या या माणसाने एकशिक्षकी शाळेवर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहिले. ज्या देशात वाड्या लहान आणि वाटा अवघड, तिथे अशी शाळा राहणारच. मग तिला कमी प्रतीची न मानता तिच्यासाठी वेगळी रीत बसवली पाहिजे, हे पटायला आपल्याला फार लांब जायला नको. आपल्या घाटमाथ्यावर एक फेरी मारली की पुरे.

ती वेगळी रीत म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. शाळेच्या आवारात फणसाचे झाड आहे. बाई चारही इयत्तांना त्या झाडाखाली नेतात. पहिलीची पोरे खाली पडलेली पाने वेचतात, दहा-दहाचे ढीग करतात, मोजतात. दुसरीची मुले झाडाच्या भागांची नावे पाटीवर लिहितात. तिसरीच्या दोघांनी बुंध्याला सुतळी गुंडाळली आहे. ती सोडवून मीटरपट्टीवर धरतात आणि घेर किती सेंटिमीटर भरला ते वहीत मांडतात. चौथीची मुले पावले मोजून शाळेपासून झाडापर्यंतचा नकाशा काढतात. पाठ एकच, पण प्रत्येकाला आपल्या कुवतीचे काम. बाई यातून त्यात फिरत असतात. मग वर्गात आल्यावर पहिलीला जवळ घेऊन बसतात आणि बाकीचे जोडीजोडीने वाचतात. तिसरीतली मुलगी दुसरीतल्याच्या बोटाखाली बोट ठेवून त्याला अक्षर लावून देते.

मोठ्या मुलाने धाकट्याला शिकवावे ही रीत काही आज बाहेरून आलेली नाही. आपल्याकडच्या जुन्या गावठी शाळांतून ती होतीच. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने ती मद्रासेत पाहिली आणि तिकडे नेली. इंग्लंडात तिला 'मद्रास पद्धत' असेच नाव पडले. आपलेच बियाणे परदेशी पिशवीतून परत यावे, त्यातला हा प्रकार.

मात्र एक लक्षात ठेवा. अशा वर्गात आवाज होणारच. बाहेरून जाणाऱ्याला वाटते, बाईंचा धाक नाही. "आमच्या वेळी छडी होती," असे म्हणणारे अजून भेटतात. कायद्याने आता मुलाला मारणे बंद आहे, आणि ते योग्यच आहे. छडीने वर्ग गप्प बसतो एवढेच. गप्प बसलेल्या चार इयत्तांपैकी किती जणांना धडा कळला, हे छडीला सांगता येत नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. वर्गात दंगा करणारा मुलगा शिक्षकाच्या लगेच ध्यानात येतो. पण शिक्षकाचे खरे कसब लागते ते मागे भिंतीला टेकून गप्प बसणाऱ्या पोरासाठी. ते रोज येते, फळ्यावरचे हुबेहूब उतरवून घेते, वही नीट ठेवते, कोणाची तक्रार नाही. आणि तिसरीत आले तरी त्याला वाचता येत नसते. सगळे मिळून कविता म्हणतात तेव्हा त्याचे ओठ हलतात, म्हणून कोणाला संशय येत नाही. असे मूल एकदा चौथीपर्यंत तसेच सरकले की पुढे गणितही अडते, परिसरही अडतो, आणि एक दिवस ते शाळेची वाट सोडते. गाव म्हणते, पोरगं डोक्यानं मंद होतं. पुष्कळदा ते मंद नसते.

एक शब्द घ्या. पुस्तकात छापलेले असते 'विहीर'. पोर एकेक अक्षर लावते, "वि... ही... र", आणि थांबते. चेहरा कोरा. बाई विचारतात, "घरात पानी कुठनं आणतासा रे?" उत्तर येते, "हिरीतनं." म्हणजे वस्तू ठाऊक, तिच्यात वाकून आपला चेहराही पाहिलेला, फक्त घरची 'हिर' आणि पुस्तकातली 'विहीर' यांची गाठ कोणी घालून दिली नव्हती. 'हिर' हा शब्द चुकीचा म्हणून जी बाई पोराला गप्प करील, तिच्या वर्गात ते पुन्हा तोंड उघडणार नाही. जी बाई फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहील, तिच्याकडे ते वाचायला लागेल. चंदगडकडे घरची बोली आणखी वेगळी, गडहिंग्लज-शिरोळच्या सीमेवर कित्येक घरांत कन्नड. तेव्हा तिथल्या शिक्षकाला मुलांची बोली थोडी शिकावीच लागते. डी.एड.च्या वर्गात ती कोणी शिकवत नाही.

हिशेबाचेही तसेच. जे पोर सकाळी किटली घेऊन डेअरीवर जाते, लिटरला पन्नास रुपये दर धरून साडेतीन लिटरचे एकशे पंचाहत्तर झाले असे तोंडाने सांगते, तेच पोर वर्गात दशांश चिन्ह पाहिले की बिचकते. दुधाच्या जिल्ह्यात दशांशाचा धडा डेअरीच्या चिठ्ठीवरून सुरू करायला काय हरकत आहे? काही शिक्षक तसे करतातही. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयात मुलांच्या अनुभवावरूनच शिकणे उभे करण्याचा प्रयत्न झाला. ती शाळा शहरातली. पण त्यातले मर्म वाडीवरच्या शाळेला जास्तच लागू पडते, कारण वाडीवरच्या मुलापाशी अनुभव भरपूर असतो.

आणखी एक अडचण आपल्या उसाने आणली आहे. दिवाळीच्या सुमाराला गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून आणि इतर दुष्काळी भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आपल्या शिवारात उतरतात. खोपी उभ्या राहतात, आणि त्यांच्याबरोबर पोरेही येतात. कायदा म्हणतो, मूल वयाने ज्या इयत्तेत बसते तिथे त्याला घ्या आणि मागे राहिलेले वेगळे शिकवून भरून काढा. कायदा चांगला आहे. पण नऊ वर्षांची मुलगी नोव्हेंबरात चौथीत येऊन बसते, तिला अक्षरओळख नाही, कडेवर धाकटे भावंड आहे, आणि मार्च-एप्रिलात टोळी परत जाणार आहे. हातात महिने पाच. गुरुजींनी तिला काय शिकवावे? साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली. त्यांचा उपयोग झाला, तरी पुष्कळ मुले राहून जातात. पूर्वी कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली, तिला 'कुरणशाळा' म्हणत. फडावरच्या पोरांसाठी तसे करायला एकटा शिक्षक पुरा पडणार नाही. तिथे कारखान्याने, मुकादमाने आणि गावाने हात लावायला हवा. निदान धाकट्या भावंडाला अंगणवाडीत जागा दिली, तर त्या मुलीचे दोन्ही हात पाटीसाठी मोकळे होतील.

गावाने काय करावे, हे विचारणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो. प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या बायका असाव्यात असा नियम आहे. बैठकीत कौले, संडास, कुंपणाची भिंत यांवर बोलणे होते; तेही हवे. पण पुढच्या बैठकीत एक प्रश्न विचारून पाहा: "तिसरीतली किती पोरं न अडखळता वाचत्यात, आणि न वाचणारी कोण?" शिक्षकाला उलटतपासणीला उभे केल्यासारखे विचारू नका. आपले पोर आजारी असताना डॉक्टरला विचारतो, तसे विचारा. भातलावणीच्या दिवसांत आपण स्वतःच मोठ्या पोरीला घरी ठेवले होते का, तेही त्याच बैठकीत खरे सांगा.

आणि रात्री चुलीपाशी भाकरी होईतो पोराला पुस्तकातले एक पान मोठ्याने वाचायला लावा. तुम्हाला स्वतःला वाचता येत नसले तरी चालेल. पोर कुठे अडखळते, कुठे थांबते आणि कुठे नुसते पाठ म्हणते, ते आईच्या कानाला बरोबर कळते. दुसऱ्या दिवशी बाईंना तेवढे सांगा. चार इयत्तांत ज्या एका पोरापाशी बसायला त्यांना आठ दिवसांत वेळ मिळाला नव्हता, ते पोर कोणते, हे त्यांना त्या दिवशी कळेल.