होडी ओढताना क्लच स्लिप होतो? ट्रॅक्टर खोलण्याआधी हे तपासा



मे सरत आला की किनाऱ्यावर सगळ्यांची एकच घाई. गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि पाऊस लागण्याआधी लहान होड्याही वर घ्याव्या लागतात. खांदा द्यायला आता पूर्वीसारखी माणसं मिळत नाहीत, म्हणून छोटा ट्रॅक्टर लावला जातो. नेमकी भरती चढत असताना क्लच स्लिप झाला तर होडी पाण्याच्या तोंडावर अडकते. म्हणून ही तपासणी आधीच करून ठेवूया.

आधी दोष ओळखा. इंजिनाचा आवाज वाढतो, चाकं वाळूत गरगर फिरतात, पण ट्रॅक्टर पुढे जात नाही, तर क्लच ठीक आहे, पकड वाळूत सुटते आहे. इंजिन जोरात, चाकं मात्र थंड आणि जळका वास येतो, तर क्लच स्लिप होतोय.

खात्री करायची असेल तर ट्रॅक्टर कडक, सपाट जागेवर घ्या. ब्रेक लावा, चाकांना दगड लावा, पुढे-मागे कोणी उभं नको. वरचा गिअर टाकून इंजिन थोडं वाढवा आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच पकडतोय. चालूच राहिलं तर स्लिप आहे. लगेच क्लच दाबा. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त ताणू नका.

मग पॅडल बघा. इंजिन बंद करून पॅडल हाताने दाबा. जोर लागण्याआधी ते थोडं मोकळं हललं पाहिजे. बऱ्याच ट्रॅक्टरना ही मोकळीक साधारण २० ते ३० मिमी असते. आपल्या ट्रॅक्टरचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. प्लेट झिजत जाते तशी मोकळीक कमी होते आणि क्लच पूर्ण बसत नाही. रॉडचा नट सैल करून ती जुळवता येते. याला नवा पार्ट लागत नाही.

आपल्याकडे खाऱ्या पाण्याचा त्रास वेगळा. पॅडलचा सांधा गंजला की पॅडल पूर्ण वर येत नाही. गोड्या पाण्याने धुवा, सुकवा, ग्रीस मारा, परतीची स्प्रिंग बघा.

तेलाची खूण शोधा. क्लच हाउसिंगच्या तळाला बहुतेक ट्रॅक्टरना निचऱ्याचं भोक असतं. तिथून तेल ठिबकत असेल तर इंजिनच्या मागचं किंवा गिअरबॉक्सचं ऑइल सील गेलं असण्याची शक्यता आहे. अशा वेळी पॅडल जुळवून उपयोग नाही. तेल मुरलेली प्लेट पेट्रोलने धुऊनही भरवशाची राहत नाही. सील आणि प्लेट दोन्ही बदला.

मोकळीक बरोबर आणि तेलही नाही, तरी स्लिप होतोय, तर प्लेट झिजली असेल किंवा प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा नरमल्या असतील. इथे मेकॅनिकच हवा. ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागतो, मजुरी त्यातच जाते. म्हणून त्याच वेळी रिलीज बेअरिंग, प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील तपासून घ्या.

चालवणाऱ्याला सांगा:
• पॅडलवर पाय ठेवून चालवू नका.
• हाफ क्लचवर होडी ओढू नका. पहिला गिअर टाका, दोर आधी ताणून घ्या, मग क्लच पूर्ण सोडा.
• ताणलेल्या दोराच्या रेषेत माणसं, मुलं नकोत.
• जळका वास आला की थांबा. ‘एवढी एक होडी काढूया’ म्हणून रेटलं तर प्लेटचे रिव्हेट उघडे पडून फ्लायव्हीलला चरे पडतात आणि एका प्लेटचा खर्च दुप्पट होतो.

पाऊस तोंडावर आला की मेकॅनिक मिळायला उशीर होतो. पॅडल बघायला पाच मिनिटं पुरतात. ती आजच काढा, आणि हे ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोरांनाही वाचून दाखवा.