पोटदुखीची गोळी : किंमत आणि जोखीम

राजस्थानात २ ऑक्टोबर २०११ रोजी मुख्यमंत्री निःशुल्क दवा योजना सुरू झाली आणि जयपूरसह राज्यभरातील शासकीय रुग्णालयांत आवश्यक औषधे विनामूल्य मिळू लागली. मात्र औषध हाती येण्याइतकेच त्याविषयीची माहिती मिळणेही महत्त्वाचे असते. मासिक पाळीतील पोटदुखीवर सर्रास घेतली जाणारी डायसायक्लोमाइन व मेफेनॅमिक अ‍ॅसिडची संयुक्त गोळी हे याचे उदाहरण होय. पहिला घटक स्नायूंचे आकुंचन शिथिल करतो. दुसरा वेदनाकारक प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतो.

ही गोळी जेवणानंतर, सांगितलेल्या मात्रेतच व थोडे दिवस घ्यावी. जठरव्रण, मूत्रपिंडविकार वा काचबिंदू असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी ती परस्पर घेऊ नये. गुंगी आल्यास वाहन चालवू नये. दुखणे उजवीकडे खाली सरकून ताप वा उलट्या होत असतील, तर ते आंत्रपुच्छाचे असू शकते. अशा वेळी तातडीने तपासणी करावी.

मेफेनॅमिक अ‍ॅसिडमुळे ‘ड्रेस’ ही गंभीर प्रतिक्रिया संभवते, असा इशारा भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला. औषध घेतल्यानंतर काही आठवड्यांनीही पुरळ, ताप, गाठींची सूज दिसल्यास ते थांबवून डॉक्टरांकडे जावे. शासन औषधाची किंमत उचलू शकते; चिठ्ठीविना घेतलेल्या गोळीची जोखीम रुग्णालाच सोसावी लागते.