अंधारांतून जाणारी उतारू-बोट

पस्तीस वर्षें मीं शाळेंत भूगोल शिकविला. भिंतीवर नकाशा टांगावयाचा, हातांत छडी घ्यावयाची आणि मुंबईपासून सुवेझच्या कालव्यापर्यंत ती फिरवीत मुलांकडून नांवें म्हणवून घ्यावयाचीं : अरबी समुद्र, एडनचें आखात, बाब-एल-मांदेबची सामुद्रधुनी, तांबडा समुद्र. त्या निळ्या पट्ट्यांतून आपण स्वतः कधीं जाऊं असें स्वप्नांतहि आलें नव्हतें. परंतु सेवानिवृत्त झाल्यावर, २०१८ सालच्या एप्रिल महिन्यांत, मुलगी व जांवई यांच्या आग्रहामुळें तो योग आला. सहलीच्या एका मोठ्या उतारू-बोटीनें आम्हीं मुंबईचा किनारा सोडला. त्या प्रवासांतील तीन रात्री आमची बोट अंधार करून चालली होती. तो अंधार कशासाठीं होता आणि त्यामागें कोण जागें होतें, हें आज मी आपणांस सांगणार आहें.

अशी बोट म्हणजे एक तरंगतें गांवच असतें. दहा-बारा मजले, भोजनगृहें, नाट्यगृह, पोहण्याचा हौद, लहानसें ग्रंथालय. आणि या साऱ्यांत उतारूला काम असें कांहींच नाहीं. ओमानच्या सलाला बंदरापर्यंतचे तीन दिवस आम्ही खाण्यांत व वरच्या डेकवर वारा घेण्यांत घालविले. सलाला सोडलें त्या संध्याकाळीं मात्र खोलींत आलों तों बिछान्यावर कप्तानाच्या सहीचा एक कागद ठेवलेला. आज सूर्यास्तापासून बाहेरचे डेक बंद राहतील, खिडक्यांचे पडदे पूर्ण ओढून घ्यावे, सज्जांतील दिवे लावूं नयेत, उद्यां सकाळीं दहा वाजतां सर्वांनीं कवायतीस हजर राहावें, असा मजकूर होता. शेवटीं लिहिलें होतें कीं, घाबरण्याचें कारण नाहीं, ही केवळ खबरदारी आहे. घाबरण्याचें कारण नाहीं असें जेथें लेखी कळवावें लागतें, तेथें कांहींतरी कारण असतेंच, एवढें शाळामास्तराला सहज समजतें.

तें कारण समजण्यासाठीं थोडा नकाशा पाहिला पाहिजे. एडनच्या आखाताच्या उत्तरेस येमेन व दक्षिणेस सोमालिया. पश्चिमेच्या टोंकास बाब-एल-मांदेब. या अरबी नांवाचा अर्थ ‘अश्रूंचें द्वार’ असा होतो. तेथें आशिया व आफ्रिका हीं खंडें अवघ्या तीसेक किलोमीटरांवर समोरासमोर येतात. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला तेव्हांपासून हिंदुस्थान व युरोप यांच्यामधील जहाजांची ही हमरस्त्यासारखी वाट झाली. १९९१ सालीं सोमालियांतील सरकार कोसळलें. किनाऱ्यास पहारा उरला नाहीं. परदेशी मच्छीमार जहाजें येऊन तेथील मासळी ओढून नेऊं लागलीं. आपण प्रथम आपला समुद्र राखण्यासाठींच शस्त्र धरलें, असें तेथील कोळी सांगत. त्यांत कांहीं तथ्य असेलहि. परंतु जहाज धरून ठेवलें कीं खंडणी मिळते, हें कळल्यावर त्याचा धंदा होण्यास वेळ लागला नाहीं. २०११ या एका सालीं सोमाली चाच्यांचे २३७ हल्ले नोंदले गेले.

धोक्याचा टापू किती पसरला होता पाहा. २०१० सालीं जहाजधंद्यांतील मंडळींनीं त्याची पूर्व सीमा ७८ अंश पूर्व रेखांशापर्यंत नेली. मुंबईचा रेखांश सुमारें ७३ अंश, म्हणजे मुंबईच्या समोरचा समुद्रहि त्यांत आला. २०१५ सालीं ती सीमा ६५ अंशांपर्यंत मागें घेण्यांत आली. मध्यंतरीं हल्ले पुष्कळ कमी झाले, तरी २०१७ च्या मार्चमध्यें चाच्यांनीं पुन्हां एक तेलवाहू जहाज धरलें. आमचा प्रवास त्यानंतर वर्षाहून थोड्याच अधिक काळानें झाला.

आतां चाच्यांची रीत सांगतों. मोठ्या गलबतावरून खोल समुद्रांत यावयाचें आणि सावज दिसलें कीं जोरदार यंत्र बसविलेल्या दोन-तीन लहान होड्या पाण्यांत सोडावयाच्या. होडींत चार-सहा माणसें, बंदुका आणि आंकड्यांची एक लांब शिडी. पहांटे किंवा दिवस मावळतां, नजर नीट ठरत नाहीं अशा वेळीं त्या जहाजाच्या मागच्या बाजूस येतात. आंकडा कठड्यांत अडकला कीं दोन-चार मिनिटांत माणसें वर. नैर्ऋत्येकडील मोसमी वारे सुरू झाले म्हणजे समुद्र खवळतो व या होड्या टिकत नाहींत. जो पाऊस आपल्या कोळ्यांच्या होड्या किनाऱ्यास लावतो, तोच या चाच्यांनाहि घरीं बसवितो. आमचा महिना एप्रिल, म्हणजे समुद्र शांत आणि चाच्यांस सोयीचा.

यावर उपाय काय? पहिला उपाय वेगाचा. अठरा नॉट किंवा त्याहून अधिक वेगानें जाणाऱ्या जहाजावर चाचे चढूं शकल्याची नोंद नाहीं, असें त्या काळच्या नाविकांच्या मार्गदर्शक पुस्तिकेंत सांगितलेलें असे. दुसरा उपाय उंचीचा. उतारू-बोटीचा उघडा डेक पाण्यापासून इतका उंच असतो कीं शिडी तेथवर पोंचणें अवघड. तिसरा पाण्याचा, आगीच्या बंबाचे नळ कठड्याशीं बांधून ठेवतात, त्यांचा मारा खालच्या होडीवर करतां येतो. चौथा वाटेचा, २००९ सालीं आखाताच्या मधून सुमारें ४९० सागरी मैलांचा एक मार्ग आंखून देण्यांत आला. जाणारांची एक व येणारांची एक अशा पांच-पांच मैल रुंदीच्या दोन वाटा, मध्यें दोन मैलांचें अंतर, आणि आसपास निरनिराळ्या राष्ट्रांच्या लढाऊ जहाजांची गस्त. आपल्या नौदलाची गस्त २००८ सालच्या ऑक्टोबरपासूनच सुरू झाली होती. दुसऱ्या दिवशीं दुपारीं क्षितिजावर करड्या रंगाचें एक लढाऊ जहाज दिसलें, तेव्हां तें कोणत्या राष्ट्राचें हें न कळतांहि डेकवरील मंडळींस हायसें वाटलें.

त्याच दिवशीं सकाळीं कवायत झाली. ध्वनिक्षेपकावरून इशारा होतांच सज्जा बंद करावयाचा, खोलीचें दार लोटून आंतल्या अरुंद वाटेंत यावयाचें व जमिनीवर बसून भिंतीचा कठडा धरावयाचा. कठडा अशासाठीं कीं पाठलाग होऊं लागल्यास कप्तान बोट झपाट्यानें डावीकडे-उजवीकडे वळवितो; त्या लाटांनीं होडी हेलकावते, परंतु बोटीवरील माणूसहि पडतो. सातशें-आठशें प्रौढ माणसें शाळेंतील पोरांसारखीं मांडी घालून बसलेलीं पाहून मला हंसूं आलें. आमच्या शेजारीं बसलेले एक गृहस्थ मात्र चिडले होते. एवढें भाडें भरून रात्रीं तारेहि पाहूं देत नाहींत, अशी त्यांची तक्रार. खरें सांगावयाचें तर ती तक्रार माझ्याहि मनांत होती.

वस्तुतः धोका केवळ कागदावरचा नव्हता. ५ नोव्हेंबर २००५ रोजीं पहांटे ‘सीबोर्न स्पिरिट’ ही उतारू-बोट सोमालियाच्या किनाऱ्यापासून सुमारें सत्तर मैलांवरून मोंबासाकडे जात असतां दोन होड्यांनीं तिच्यावर हल्ला केला. बंदुका झाडल्या, अग्निबाण सोडले. उतारू झोंपेंतून उठून आंतल्या भागांत जमले. बोटीच्या संरक्षकांपैकीं एक पूर्वीचा गुरखा शिपाई गोळ्यांच्या माऱ्यांत जखमी झाला. त्याच्या सहकाऱ्यानें पाण्याचा नळ आणि कानठळ्या बसविणारें ध्वनियंत्र चालवून होड्यांना थोपवून धरलें, आणि कप्तानानें बोट खोल समुद्राकडे वळवून वेग वाढविला. एकाहि उतारूचा प्राण गेला नाहीं.

हें सारें ठाऊक असूनहि त्या दुसऱ्या रात्रीं मीं चूक केली. मध्यरात्र उलटून गेलेली. झोंप येईना, म्हणून उशाजवळचा दिवा लावून वाचीत बसलों. मग समुद्र पाहण्याचा मोह झाला आणि दिवा तसाच ठेवून पडदा हातभर सारला. बाहेर कांहींच दिसलें नाहीं. कांचेंत माझेंच प्रतिबिंब तेवढें उभें. पांच मिनिटांत दारावर टकटक. पहाऱ्यावरील मनुष्य नम्रपणें म्हणाला, पडदा ओढून घ्यावा, मागच्या डेकवरून आपली खिडकी दिसते आहे. मी खजील झालों. जन्मभर मुलांना शिस्त शिकविली आणि येथें मीच वर्गाबाहेर उभें राहण्याच्या लायकीचा ठरलों.

सकाळीं, ज्यानें खिडकी पाहिली त्याची क्षमा मागावी म्हणून चौकशी केली, तों तो दापोलीकडचा निघाला. तिशीचा खलाशी. मी शिक्षक होतों हें कळतांच तो मला गुरुजी म्हणूं लागला. मीं विचारलें, “एका खिडकीनें एवढें काय होतें? बोटीचे तांबडे-हिरवे दिवे तर चालूच असतात.” तो म्हणाला, “ते कायद्यानं ठेवावेच लागतात गुरुजी, नाहीतर दुसरं जहाज येऊन आदळेल. पण त्यांचा उजेड आमच्या डोळ्यांवर येत नाही. चार तास मागच्या कठड्यापाशी उभं राहायचं. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, मग पाण्यावरची होडी कळते. मध्येच एक खिडकी उजळली की डोळे दिपतात. पुन्हा पंचवीस मिनिटं मी आंधळा.”

श्रोतेहो, हा हिशेब मला कोणत्याहि पुस्तकानें शिकविला नव्हता. मीं समुद्र पाहण्यासाठीं पडदा सारला, मला कांहींच दिसलें नाहीं, आणि जो माझ्यासाठीं पाहत होता त्याचे डोळे मात्र मीं पंचवीस मिनिटें बंद केले.

मग तो आपल्या घरचें बोलूं लागला. थोरला भाऊ तेलवाहू जहाजावर. भरलेलें तेलवाहू जहाज पाण्यांत खोल बसतें, त्याचा डेक होडीपासून फार उंच नसतो आणि वेग बारा-चौदा नॉटांचा. कठड्याभोंवतीं कांटेरी तारा गुंडाळावयाच्या आणि वेळ आलीच तर आंतून बंद होणाऱ्या मजबूत कोठडींत सर्वांनीं शिरून नौदलाची वाट पाहावयाची, एवढाच त्यांचा आधार. “आई फोनवर दोघांना एकच विचारते, आज कुठं आहेस? आम्ही दोघंही सांगतो, मुंबईजवळच.”

आईला असें सांगण्यास कारण होतें. २०१० सालच्या सप्टेंबरांत ‘अस्फाल्ट व्हेंचर’ हें जहाज चाच्यांनीं धरलें. त्यावरील पंधराहि खलाशी भारतीय. पुढील एप्रिलांत खंडणी पोंचली, तरी चाच्यांनीं आठांनाच सोडलें. आपल्या नौदलानें पकडलेले सोमाली कैदी भारताच्या तुरुंगांत होते, त्यांच्या मोबदल्यासाठीं उरलेल्या सात जणांना ठेवून घेतलें. ते सुटले २०१४ सालच्या ऑक्टोबरांत. चार वर्षें म्हणजे मूल पहिलींत बसवून गेलेला बाप परत येतो तेव्हां तें चौथींतून पुढें गेलेलें असतें.

आमच्या प्रवासाची तिसरी रात्र बाब-एल-मांदेब ओलांडण्यांत गेली. चौथ्या दिवशीं तांबड्या समुद्रांत बरेंच वर आल्यावर पडदे उघडले, डेक मोकळे झाले आणि ते तक्रारी गृहस्थ तारे पाहण्यास वर गेले.

त्यानंतरची हकीकत थोडक्यांत सांगतों. १ जानेवारी २०२३ पासून तो धोक्याचा टापू कागदोपत्रीं रद्द झाला. परंतु त्याच वर्षीं १९ नोव्हेंबर रोजीं येमेनमधील हौथी सशस्त्र गटानें तांबड्या समुद्रांत ‘गॅलॅक्सी लीडर’ हें जहाज धरलें. त्यावरील पंचवीस माणसें २०२५ च्या जानेवारींत सुटलीं. जहाजांवर क्षेपणास्त्रें पडूं लागलीं. तेव्हां सहलीच्या बोटींनीं आपल्या सफरी रद्द केल्या किंवा आफ्रिकेला वळसा घातला. सहलीला दुसरी वाट असते. धान्य, तेल, खत नेणाऱ्यांपैकीं कांहींना त्याच वाटेनें जावें लागलें. ६ मार्च २०२४ रोजीं ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या मालवाहू जहाजावर तीन खलाशी मरण पावले. उरलेल्यांना आपल्या ‘कोलकाता’ या युद्धनौकेनें वांचविलें. त्याच महिन्यांत त्याच नौकेनें सोमाली चाच्यांच्या ताब्यांतील ‘रुएन’ जहाज सुमारें चाळीस तासांच्या कारवाईनंतर सोडविलें, सतरा खलाशी मुक्त केले आणि पस्तीस चाचे मुंबईस आणून पोलिसांच्या स्वाधीन केले.

आपल्या घरांतील तेल, कागद, औषधें, यंत्रें यांपैकीं कितीतरी वस्तु समुद्रानें येतात. त्या आणणारा बहुधा कोणत्या तरी किनाऱ्यावरील अशाच घरचा मुलगा असतो. आपल्यापैकीं कोणी अशा बोटीनें प्रवासास निघालांत आणि कप्तानाचा तसा कागद हातीं आला, तर आपला हक्क हिरावला असें न मानतां पडदा ओढून घ्यावा, ही माझी विनंती आहे. मीं तिसऱ्या रात्रीं तो सूर्य मावळण्यापूर्वींच ओढला, दिवा मालवला आणि अंधारांत पडून राहिलों. मागच्या कठड्यापाशीं दापोलीचा तो मुलगा उभा असेल, त्याचे डोळे आतां काळोखाला सरावले असतील, एवढाच विचार मनांत होता. मग झोंप केव्हां लागली तें कळलें नाहीं.