सोपारा पाहायचा तर आधी फोर्टला जा

लालबाग-परळच्या चाळींतून दरवर्षी कुणी ना कुणी बोधगया, सारनाथच्या यात्रेला निघतं. पण पैशांची ओढाताण, दुखणारे गुडघे, घरातलं आजारपण, यामुळे अनेकींचं जाणं राहून जातं. त्यांच्यासाठी आज एक जवळचं ठिकाण सांगते. नालासोपारा!

हसू नका. आपण ज्याला विरार लोकलमधल्या गर्दीचं स्टेशन म्हणून ओळखतो, ते प्राचीन काळचं शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर. बौद्ध ग्रंथांत इथल्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा आहे. समुद्रावर व्यापार करणारा हा माणूस पुढे भिक्खू झाला आणि त्याने भगवान बुद्धांना आपल्या गावी बोलावलं, असं त्यात सांगितलं आहे.

तिथे जाऊन आलेल्या काही जणी मात्र म्हणतात, "विटांचा उंचवटा आहे, दुसरं काय?" त्याचं कारण असं. गावकरी या उंचवट्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खोदला. आपल्या भायखळ्याच्या म्युझियमला ज्यांचं नाव आहे, त्या डॉ. भाऊ दाजी लाडांकडे हे पंडितजी तयार झाले होते. आत निघाला स्तूप. त्याच्या पोटात दगडी करंडा, करंड्यात बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्ती आणि मधोमध एकात एक ठेवलेल्या डब्या: तांब्याची, चांदीची, दगडाची, स्फटिकाची आणि सगळ्यांत आत सोन्याची. सोन्याच्या डबीत भिक्षापात्राचे छोटे तुकडे होते. श्रद्धेने ते बुद्धांच्या पात्राचे मानले जातात.

हा ठेवा मुंबईत, फोर्टमधल्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. तो रोज पाहायला मिळेलच असं नाही, म्हणून आधी चौकशी करा. पण तिथून जवळच, काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, सोपाऱ्यालाच सापडलेला सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा आहे. तो जरूर पाहा.

सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा हा लेख ब्राह्मी लिपीत आहे. तुकड्यावर थोडेच शब्द उरलेत, पण हाच लेख गिरनारसारख्या इतर ठिकाणी पूर्ण मिळाल्यामुळे त्याचा अर्थ कळतो. आणि गंमत बघा, तो प्रवासाबद्दलच आहे! अशोक म्हणतो, पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, म्हणजे शिकार आणि मौजमजा करायला. मी मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो. तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत काय करायचं? श्रमण-ब्राह्मणांना भेटून दान द्यायचं, वृद्धांची भेट घेऊन त्यांना मदत करायची, गावोगावच्या लोकांना भेटायचं, त्यांच्याशी धम्माविषयी बोलायचं.

म्हणजे बघा, यात्रा कशी करावी हे सांगणारा लेख आपल्या सोपाऱ्यालाच कोरलेला होता. तेव्हा स्तूपाला नुसती प्रदक्षिणा घालून परत फिरू नका. गावात दोन म्हाताऱ्या भेटल्या तर त्यांच्याजवळ बसा, जुन्या तळ्यांबद्दल, कोटाबद्दल विचारा. बरोबर मुलं असतील तर संग्रहालयात पाहिलेली अक्षरं त्यांना आठवायला सांगा.

आता जायचं कसं? दादरहून विरार लोकल पकडा. सकाळची गर्दी चर्चगेटकडे येणारी असते, त्यामुळे आपल्याला बहुधा बसायला मिळतं. तासाभरात नालासोपारा येतं. पश्चिमेला उतरा आणि रिक्षावाल्याला बौद्ध स्तूप सांगा. रविवारी जाणार असाल तर मेगाब्लॉक आहे का ते पाहा. पाणी आणि डबा बरोबर घ्या. दुपारी चारपर्यंत परत निघालात, तर उलटी गर्दीही लागत नाही.

शेजारी एखादी आजी असेल, बोधगयेची इच्छा मनातच राहिलेली, तर तिचंही तिकीट काढा.